सुतारकामाच्या कारखान्यासाठी नवे यंत्र निवडताना

गोव्यात फर्निचरच्या कामाची गर्दी वर्षभर सारखी नसते. घरमालकांना काम चवथीपूर्वी पूर्ण हवे असते आणि हॉटेलवाल्यांना ऑक्टोबरमध्ये पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी खोल्या तयार हव्या असतात, त्यामुळे ऐन पावसाळ्यात कारखान्यावर ताण येतो. नव्या यंत्राचा विचारही नेमका तेव्हाच सुरू होतो आणि ज्या यंत्राचे नाव सगळीकडे ऐकू येते, म्हणजे बहुधा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनुसार कापणारे आणि कोरणारे यंत्र), त्याकडे मन ओढ घेते. परंतु यंत्र निवडण्याची सुरुवात यंत्रापासून करू नये. काम कुठे तुंबते, ते आधी पाहावे.

त्यासाठी नेहमीच्या कामाचे दोन आठवडे निवडून प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ वहीत मांडावा: कापणी, कडा लावणे, भोके पाडणे, जोडणी, घासणी, पॉलिश. समजा, आठ बाय चारच्या एका प्लायचे तुकडे करायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्याच तुकड्यांच्या कडांना हाताने पट्टी लावून ती साफ करायला एक तास जातो. अशा ठिकाणी प्लाय कापणारा कितीही वेगवान पॅनल सॉ आणला तरी कडा लावणाऱ्या मेस्तासमोरचा ढीग वाढण्यापलीकडे काही होणार नाही. मॉड्युलर स्वयंपाकघरे आणि कपाटे करणाऱ्या बहुतेक लहान कारखान्यांना सीएनसीच्या आधी एज बँडरची, म्हणजे कडांना पट्टी चिकटवणाऱ्या यंत्राची, गरज असते, असे माझे स्पष्ट मत आहे. सीएनसी फायद्यात चालायला तयार आराखडे लागतात आणि ते संगणकावर बिनचूक काढणारा माणूस लागतो. तो नसेल तर यंत्र दिवसातले बरेच तास नुसते उभे राहते.

सागवान, फणस किंवा मत्तीच्या लाकडात दारे-खिडक्या करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांच्याकडे बहुतेक वेळा रंध्यावर काम अडते आणि फळी एकसारख्या जाडीची तासणारा चांगला थिकनेसर लगेच फरक दाखवतो. तो घेताना रुंदीइतकेच लक्ष पात्यांकडे आणि लाकूड पुढे सरकण्याच्या वेगाकडे द्यावे. तीन पात्यांचा ड्रम मिनिटाला 4,500 फेरे घेत असेल तर मिनिटाला 13,500 वेळा लाकूड तासले जाते. लाकूड मिनिटाला 8 मीटर वेगाने पुढे गेले तर दोन तासण्यांत सुमारे 0.6 मिलिमीटर अंतर पडते आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. वेग दुप्पट केला की अंतरही दुप्पट होते आणि लाटा पॉलिशखाली दिसू लागतात. विक्रेता केवळ सर्वाधिक वेग सांगत असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोरच करावा.

याच कारखान्यांसाठी लाकूड वाळवण्याची भट्टी हीदेखील क्षमता वाढवणारी गोष्ट आहे, मात्र तिचा विचार फारच कमी लोक करतात. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा उघड्यावरच्या लाकडातील ओल 16 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. तेच लाकूड वातानुकूलित खोलीत गेले की ती 10 टक्क्यांपर्यंत उतरते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. परत आलेल्या कामात वाया जाणारे दिवस मोजले तर भट्टीचा खर्च तितकासा मोठा वाटत नाही. ओल मोजण्याचे छोटे उपकरण तर त्याआधीच घ्यावे. गोल लाकूड चिरण्याचा बँडसॉ बसवण्याचा विचार असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर सॉमिलवर कडक नियंत्रण आहे.

यंत्र पाहायला जाताना आपला माल सोबत न्यावा. विक्रेत्याने निवडलेल्या प्लायवर कोणताही पॅनल सॉ सुरेख चालतो. आपण वापरतो तीच लॅमिनेट लावलेली प्लाय कापून घ्यावी आणि खालच्या बाजूचे टवके बोटाने चाचपावेत. खालच्या बाजूला आधी चीर देणारे स्कोरिंगचे छोटे पाते मुख्य पात्याच्या रेषेत नसेल तर ते तिथेच समजते. मग काटकोन तपासावा. सरळ कडेची एक पट्टी मधोमध आडवी कापावी, एक तुकडा उलटा करावा, दोन्हींची सरळ कड एकाच पट्टीला टेकवून कापलेल्या बाजू भिडवाव्यात आणि उजेडासमोर धराव्यात. या रीतीने चूक दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे नुसत्या गुण्याला (काटकोन मापण्याच्या अवजाराला) न सापडणारा फरकही फटीतून डोकावतो. जुने यंत्र घेताना ही परीक्षा सोडूच नये.

यंत्राच्या किमतीबाहेरचे खर्च आपल्याकडे निवड बदलू शकतात. पॅनल सॉचा 3.2 मीटरचा सरकता टेबल पुढे-मागे जायला सुमारे सात मीटर मोकळी लांबी लागते. तीन फेजचा मंजूर भार वाढवायचा असेल तर वीज खात्याकडे अर्ज आधी करावा, कारण थेट सुरू होणारी मोटर चालू होताना नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. एक फेज गेल्यास मोटर वाचवणारे संरक्षण सगळ्याच यंत्रांना हवे, सीएनसीला स्टॅबिलायझर हवा आणि मे महिन्यातील विजांचा कडकडाट लक्षात घेता विजेचा दाब अचानक उसळल्यास यंत्र वाचवणारे सर्ज संरक्षणही हवे. धुळीचा हिशेब बरेच जण शेवटी करतात. धूळ ओढणाऱ्या 100 मिलिमीटरच्या नळीत भुसा वाहता राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला 20 मीटर तरी लागतो, म्हणजे एका तोंडामागे तासाला सुमारे 570 घनमीटर हवा. तीन तोंडे एकाच वेळी उघडी राहणार असतील तर पंखा त्याच मापाने निवडावा. लोखंडी टेबलावर खाऱ्या हवेने एका पावसात गंज चढतो. त्यावर मेण लावावे. सिलिकॉनचा फवारा टाळावा, कारण तो लाकडाला लागला की त्या जागी पॉलिश धरत नाही.

राजकोट किंवा अहमदाबादचे यंत्र स्वस्त पडते. परदेशी यंत्र अधिक अचूक असू शकते. दोन्हींपैकी निवडताना दुरुस्तीचा माणूस कुठे बसतो, हे मला किमतीइतकेच महत्त्वाचे वाटते. तो बेळगावहून सकाळी निघून दुपारी पोहोचत असेल तर ठीक. दिल्लीहून येणार असेल तर त्याच्या प्रवासाचा आणि बंद दिवसांचा खर्च कोण सोसणार, हे लेखी घ्यावे. पट्टे, बेअरिंग आणि सेन्सर यांची यादी मागून त्यातले काय स्थानिक बाजारात मिळते, तेही पाहावे.

परतफेडीचा हिशेब बारा महिन्यांच्या भरगच्च कामावर मांडू नये. समजा, जोडणी आणि धूळखेच यांसह यंत्राला 9 लाख रुपये पडले आणि गर्दीच्या महिन्यात 30 हजार वाचले, तर कागदावर अडीच वर्षांत पैसे वसूल होतात. वर्षातील चार महिने काम निम्म्यावर येत असेल तर तीच मुदत तीन वर्षे होते. कर्जाचा हप्ता दुसऱ्या आकड्यावर ठरवावा.

मागणी अशी नोंदवावी की यंत्र एप्रिलपर्यंत बसेल आणि कामगारांना गर्दीपूर्वी त्यावर हात बसवायला महिना मिळेल. किमतीचा शेवटचा हप्ता यंत्र दारात उतरल्यावर देऊ नये. आपल्या कारखान्यात, आपल्या विजेवर, आपल्याच मालाचे एक पूर्ण काम त्यावर निघाले की तो देण्याची अट करारात घालून घ्यावी.