बॉक्स वे की एलएम: किनाऱ्यावरच्या वर्कशॉपसाठी स्लाईडची निवड

मशिन घेताना स्पिंडल किती एचपीचा आणि कंट्रोलर कोणता, हे सगळेच विचारतात. स्लाईड (मशिनचा सरकता भाग ज्या मार्गावरून धावतो तो) कोणती, हे कोटेशनच्या आतल्या पानावरच राहून जातं. रत्नागिरी, कुडाळ किंवा लोट्याच्या एमआयडीसीत मशिन बसवायचं असेल तर आधी ते पान उघडा.

काम कोणतं, ते अगोदर ठरवा. बोटींचे प्रोपेलर शाफ्ट, ओतीव पुल्या, पंपांच्या केसिंग अशा कामात कट जड असतो, बऱ्याचदा अडखळता. तिथे बॉक्स वे, म्हणजे बेडवरचे रुंद, सपाट, चौकोनी मार्ग, घ्या. रुंद घासणारे पृष्ठभाग आणि मधली तेलाची फिल्म कंप जिरवतात, त्यामुळे चॅटर (कापताना येणारी थरथर) कमी येतो. दोष घर्षणाचा. ओतीवावर ओतीव असेल तर बारीक फीडला सॅडल (बेडवर सरकणारा भाग) आधी अडतं आणि मग एकदम उडी मारतं, मापात मायक्रॉन सांभाळणं कठीण होतं. म्हणून हार्डन-ग्राइंड केलेला बेड आणि सॅडलखाली चिकटवून स्क्रेप केलेलं टरसाइट (कमी घर्षणाचं प्लास्टिक अस्तर), ही जोडी मागा. पण टरसाइट मऊ असतं. जांभ्याची लाल धूळ त्यात रुतली की ते सँडपेपरसारखं बेड खातं. वायपर (स्लाईडवरची धूळ पुसणारी पट्टी) फाटला तर त्याच दिवशी बदला.

ॲल्युमिनियमचे छोटे पार्ट, ड्रिलिंग-टॅपिंग, सारखी धावपळ असेल तर एलएम (लिनिअर मोशन) गाईड, म्हणजे रेलवर बॉल किंवा रोलरवर धावणारे ब्लॉक. बॉल गाईडचा घर्षणांक साधारण ०.००२ ते ०.००३, म्हणून लहान मोटरवरही जलद फीड मिळतो. जड कामाला एलएमच हवं असेल तर बॉलऐवजी रोलर घ्या. बॉल गाईडवरचा लोड दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, हे साइज ठरवताना विसरू नका. डव्हटेल (तिरक्या कडांची स्लाईड) लेथच्या क्रॉस स्लाईडला आणि लहान मिलिंगला ठीक, त्यापुढे नको.

आता खरी अडचण: गंज. बॉक्स वेवर वरवरचा गंज आला तर तेल आणि बारीक ऑइल स्टोनने निघतो, खोल गेला तर ग्राइंडिंग-स्क्रेपिंग करता येतं. एलएमच्या रेलवर, बॉल धावतात त्या खोबणीत खड्डा पडला की दुरुस्ती नाही. बॉल त्यावरून जाताना कडा उचलतात, पापुद्रे सुटतात आणि शेवटी रेल, ब्लॉक दोन्ही बदलावे लागतात. शेड उघडी असेल, पावसाळ्यात मशिन आठवडाआठवडा उभं राहत असेल तर आमचं मत बॉक्स वेच्याच बाजूने. एलएम घ्यायचंच तर कोटिंगवाला रेल, पूर्ण बेलो (घड्यांचं आवरण) आणि बोल्टच्या भोकांवर टोप्या घ्या. उघड्या भोकात चिप्स साठतात आणि ब्लॉकचं सील फाडतात.

जुना लेथ घेताना चकजवळ कॅरेज आणा, तिथे गिब (स्लाईडमधली फट भरणारी पट्टी) नीट बसवा, मग कॅरेज टेलस्टॉककडे न्या. तिकडे घट्ट झालं तर बेड चकजवळ झिजलाय. गिब ढिला करून "बघा, किती मोकळा चालतो" म्हणणाऱ्यांपासून सावध.

जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी कूलंट पुसून आडव्या स्लाईडला ६८ नंबरचं वे ऑइल लावा. एलएमला कंपनीने सांगितलेलंच ग्रीस किंवा तेल द्या. चिप्स ब्रशने काढा. एअर गनने त्या वायपरखाली शिरतात. मशिनवर गोणपाट टाकू नका, ते ओल धरतं. सकाळी शटर उघडल्यावर गार बेडवर दव धरतं, म्हणून सुरू करण्याआधी पुसा आणि स्लाईड पूर्ण लांबीभर दोन-चार वेळा हळू फिरवा. काम नसलेल्या बंद मशिनलाही हीच फेरी रोज द्या.