लिव्हरचा सीटी वाचताना: आधी फेज, मग गाठ

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला आलेले निवासी डॉक्टर लिव्हरचा सीटी उघडला की थेट गाठ शोधू लागतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं असतं, की आधी फेज बघा, म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, रक्त उजळ दाखवणारं औषध) दिल्यावर कोणत्या टप्प्यात स्कॅन घेतलाय ते. फेज चुकली असेल तर गाठीचं वर्णन कितीही नेमकं केलं तरी उपयोग नाही.

कारण लिव्हरच्या रक्तपुरवठ्यात आहे. सुमारे पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून) येतं, पाव हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरच्या धमनीतून). हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी हा लिव्हरचा कॅन्सर, मात्र मुख्यतः आर्टरीवर पोसतो. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण 35 सेकंदांनी, लेट आर्टेरियल फेजमध्ये, तो उजळतो. तेव्हा आजूबाजूचं लिव्हर अजून फारसं उजळलेलं नसतं. 70 सेकंदांच्या सुमारास पोर्टल व्हेनस फेजमध्ये लिव्हर उजळतं आणि गाठ त्याच्यापेक्षा काळी दिसू लागते. हा वॉशआउट. काही वेळा तो 3 ते 5 मिनिटांच्या डिलेड फेजमध्येच स्पष्ट होतो, त्यामुळे घाई म्हणून ती फेज वगळू देऊ नका.

सिरीजवर (स्कॅनच्या चित्रसंचावर) लिहिलेल्या फेजच्या नावावर विसंबू नका. हिपॅटिक आर्टरी पूर्ण भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट नुकताच उतरलेला आणि हिपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून रिकाम्या, ही खरी लेट आर्टेरियल. पोर्टल व्हेन कोरी असेल तर स्कॅन लवकर झाला, हिपॅटिक व्हेन्स भरल्या असतील तर उशिरा. तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. सुरुवातीचे काही आठवडे टेक्निशियनशेजारी कन्सोलवर बसा. बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोहोचल्याचं बघून स्कॅन सुरू करणं) कसं चालतं, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये कॉन्ट्रास्ट किती रेंगाळतो, हे तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट याइतकीच मोलाची: हे लिव्हर कुणाचं आहे? सिऱ्होसिस (लिव्हर घट्ट, व्रणयुक्त होणं) किंवा क्रॉनिक हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढ पेशंटमध्ये 20 मिमी किंवा त्याहून मोठी गाठ आर्टेरियल फेजमध्ये (फक्त कडेने नव्हे) उजळली आणि नंतर वॉशआउट झाली, तर लाय-रॅड्स या लिव्हरच्या गाठींच्या वर्गीकरणाप्रमाणे ती एलआर-5, म्हणजे बायोप्सीशिवायही एचसीसी धरता येतो. एवढं मोठं निदान फक्त चित्रावर करायची मुभा फार थोड्या कॅन्सरमध्ये आहे. पण निरोगी लिव्हरमध्ये तोच नियम लावायचा नाही. बड-कियारीमध्येही (हिपॅटिक व्हेन्स तुंबण्याच्या आजारात) नाही, कारण तिथल्या साध्या गाठीसुद्धा आर्टेरियल फेजमध्ये उजळतात. म्हणून गाठीकडे वळण्याआधी लिव्हरची कड खडबडीत आहे का, कॉडेट लोब (लिव्हरचा मागचा छोटा भाग) वाढलाय का, प्लीहा आणि व्हॅरिसेस (फुगलेल्या शिरा) कसे आहेत, हे बघून घ्या. रिक्वेस्ट फॉर्मवर 'पोटदुखी' एवढंच असतं. वॉर्डात फोन करा, जुने रिपोर्ट मागवा.

प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा, स्कॅन घाईत न बघता सोडू नका. निरोगी लिव्हर 55 ते 65 हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरची घनता मोजण्याचं एकक), प्लीहा त्याहून थोडी कमी. लिव्हर 40 च्या खाली गेलं तर चरबी बऱ्यापैकी साठलेली आहे. मोजताना रक्तवाहिन्या टाळा.

हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, ओळखायला सोपा: कडेने तुटक ठिपके, महाधमनीइतके उजळ, आणि हळूहळू आत भरत जाणारे. सलग कडं दिसलं तर मेटास्टेसिसचा (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचा) विचार करा.

सरकारी रुग्णालयात मात्र सगळ्यात जास्त शिकवतो तो अ‍ॅब्सेस, म्हणजे पुवाची गाठ. ताप, उजवा लोब, जाड कडा आणि तिच्याभोवती सुजेचं काळसर वलय. अमिबिक (अमिबामुळे झालेला) की पायोजेनिक (जिवाणूंमुळे झालेला), हे केवळ सीटीवर ठामपणे सांगू नका. सेरॉलॉजी (रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी) आणि पू तपासणी लागते. तुमचं काम आहे आकार, जागा, फुटण्याची शक्यता आणि सुई घालायची सुरक्षित वाट सांगणं. आतमध्ये छोट्या-छोट्या सिस्ट दिसल्या तर सुई सुचवण्याआधी थांबा आणि मेंढ्या-कुत्र्यांशी संपर्क विचारा, हायडॅटिड (कुत्र्यांकडून येणाऱ्या फीतकृमीची सिस्ट) असू शकतो.

10 मिमीपेक्षा लहान गाठींना सीटीवर ओढूनताणून नाव देऊ नका. एमआरआय किंवा फॉलो-अप सुचवा, आणि तो कधी करायचा तेही लिहा.