जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

एमजीबी असो, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ असो नाहीतर जुनी पोर्श ९११, पुण्यात अशी गाडी जपणाऱ्यांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. दुसरा टाकताना कर्र आवाज येतो, रिव्हर्स पडतच नाही, स्वारगेटच्या सिग्नलला पहिला टाकायला दोन-दोनदा प्रयत्न करावा लागतो. गाडी गॅरेजला गेली की उत्तर मिळतं, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." थांबा जरा. या गाड्यांचे पार्ट बाहेरून मागवावे लागतात, एकदा बॉक्स उघडून टेबलावर पडला की गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, आणि खूपदा दोष त्यात नसतोच. म्हणून आधी क्लच पूर्ण सुटतोय हे सिद्ध करा, मग गिअर लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड) बघा, मग ऑइल, आणि गिअरबॉक्सवर संशय सगळ्यात शेवटी.

इंजिन बंद ठेवून बघतच नाही कोणी

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद. आता क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा लगेच नाही बसला तर हँडब्रेक क्षणभर सोडून गाडी इंचभर पुढेमागे ढकलून परत टाका, दातासमोर दात आला की असं होतं, तो दोष नाही. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सगळे सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद असतानाही अडतात तर लिंकेज नाहीतर आतलं सिलेक्टर (गिअर सरकवणारे भाग).

दुसरी टेस्ट रिव्हर्सची. जुन्या बहुतेक गिअरबॉक्सना रिव्हर्सला सिंक्रो (गिअर बसण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे तो क्लचचं खरं काय ते सांगून टाकतो. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद तसाच धरून ठेवा, मग रिव्हर्स टाका. तरी कर्र झालं म्हणजे आतला शाफ्ट अजून फिरतोय, क्लच ओढतोय.

आणि तिसरी चालत्या गाडीत. फक्त दुसराच कर्र करतो, बाकी सगळे लोण्यासारखे पडतात, तर डबल क्लच करून बघा, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका, परत क्लच दाबून खालचा गिअर. आवाज गेला तर क्लच ठीक आहे, त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय. पण १९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नाहीये, चालत्या गाडीत तो कर्र करणारच, त्यासाठी बॉक्स उघडू नका.

क्लच म्हणजे नुसती प्लेट असं समजणं

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, आणि गिअर तरी पडत नाही, कारण पायाने दाबलेलं फोर्कपर्यंत (क्लच सोडवणाऱ्या काट्यापर्यंत) पूर्ण पोचतच नाहीये. एमएक्स-५ चा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे फोर्कला ढकलणारा छोटा हायड्रॉलिक सिलिंडर, तर यासाठी प्रसिद्धच आहे. गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट बोटाने थोडं मागे सरकवा. आत कोरडं हवं. काळपट ओलावा आला, थेंब बोटावर आला, की सील गेलंय. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर गळतो तेव्हा फ्लुइड केबिनमध्ये पेडलच्या रॉडवरून उतरतं, तिथे टॉर्च मारून बघा. आणि पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर मास्टरचं सील आतल्या आत फ्लुइड सोडतंय, बाहेर एक थेंबही दिसणार नाही.

नाना पेठेत सील किट मिळालं म्हणून नुसतं सील बदलून मोकळं होऊ नका, आधी सिलिंडरच्या आतून नख फिरवा, गंजाचे खड्डे लागले तर नवं सीलही टिकणार नाही, पूर्ण सिलिंडरच बदला आणि शक्यतो मास्टर-स्लेव्ह दोन्ही एकदमच. रबरी होज जुना असेल तर तोही, कारण दाब आला की तो फुगतो आणि तेवढा स्ट्रोक गायब. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, डॉट-३ आणि डॉट-४ हवेतलं पाणी ओढून घेतात, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. यात सिलिकॉनवालं डॉट-५ कधीही मिसळू नका.

एमजीबीवाल्यांनी तर सगळ्यात आधी पेडल आणि मास्टरच्या रॉडला जोडणारी पिन बघावी. ती पिन झिजते, पेडलचं गोल भोक अंड्यासारखं लांबट होतं, आणि पाय दाबल्यावर पहिला काही भाग नुसता तो ढिलेपणा भरण्यातच जातो. भोसरीला लेथवाला भोक भरून परत गोल करून देतो, पिनही करून देतो, काम छोटंसं पण फरक प्रचंड. जुन्या ९११ ला हायड्रॉलिक नसून केबल असते, तिथे ॲडजस्टमेंट चुकली की १९७२ ते १९८६ मधला तो ९१५ गिअरबॉक्स उगाच बदनाम होतो.

जून ते सप्टेंबर कव्हरखाली उभी राहिलेली गाडी असेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते. लक्षण ठळक असतं, पावसाळ्याआधी उत्तम चालणारी गाडी आता इंजिन चालू असताना एकही गिअर घेत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिअरमध्ये स्टार्टर मारून सोडवायचा प्रयत्न करू नका, समोर भिंत आणि शेजाऱ्याची गाडी असते. पुढच्या वर्षीसाठी मात्र एक करा, उभी करताना क्लच दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचा दांडका अडकवून ठेवा.

लिंकेजकडे दुर्लक्ष

लिव्हर लापशीत फिरवल्यासारखा वाटतो, तिसरा शोधताना पाचवा सापडतो, ही बुश झिजल्याची लक्षणं. नायलॉनचे बुश, ९११ मध्ये मधला कपलर, एमएक्स-५ मध्ये लिव्हरच्या तळचं प्लास्टिकचं बुश आणि फाटलेलं रबरी बूट. बदलायला फार वेळ लागत नाही. बोपदेव घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की गिअर निसटतो अशी तक्रार असेल तर आधी गिअरबॉक्सचं माउंटिंग हलवून बघा, आणि नवीन जाड कार्पेट किंवा लेदरचं बूट लिव्हरला मागे ओढत नाहीये ना तेही बघा. हे सगळं ठीक असूनही निसटत असेल तर मग आत झीज आहे.

ऑइल जास्त भारी म्हणजे जास्त चांगलं

नाही. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार, पण जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचं ऑइल नाही, वेगळ्या कामासाठीचं आहे. सिंक्रो रिंगला पकड घ्यायला घर्षण लागतं, जीएल-५ तिथे फार निसरडं पडू शकतं, आणि त्यातली काही ॲडिटिव्ह पितळेला मानवत नाहीत. एमएक्स-५ ला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ छान चालतं. एमजीबीच्या गिअरबॉक्सला तर इंजिनचंच २०डब्ल्यू-५० लागतं. डिफरन्शियल त्याच ऑइलमध्ये असेल तर गणित वेगळं, तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

आणि काढायच्या आधी वरचा भरायचा प्लग उघडतोय का ते बघा! खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच बसली. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची बारीक करडी पेस्ट नॉर्मल आहे. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोचं पितळ झिजतंय, आणि लोखंडाचा तुकडा सापडला तर गाडी चालवूच नका.

डिसेंबरात पहाटे ताम्हिणीला निघालात आणि पहिल्या काही किलोमीटरला दुसरा अडला तर जोर लावू नका, ऑइल गार आहे, गरम झाल्यावर सुटतो. रोज जोर लावला तर सिंक्रो खरंच जाईल. तसाच लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवयही सोडा, गिअरबॉक्सच्या आतला गिअर सरकवणारा फोर्क विनाकारण घासतो.

एवढं करूनही बॉक्स उतरवायचीच वेळ आली तर त्याच फेरीत रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील बदलून घ्या. पायलट बेअरिंग जाम झालं तर क्लच कितीही चांगला असला तरी शाफ्ट फिरतच राहतो, आणि ते बघायला परत सगळं उतरवावं लागतं.