खान्देशात अमेरिकाना संगीताची मैफल कशी भरवावी

अमेरिकाना म्हणजे कंट्री (अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले संगीत), लोकगीत, ब्लूज अशा अमेरिकेच्या मातीतल्या गाण्यांचे संगीत. त्याच्या मैफलीसाठी जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथे वाद्ये पुरवणाऱ्याला फोन करून ‘बँजो हवा आहे’ असे सांगितले, तर तो पहिल्यांदा ‘मिरवणूक कधी आहे?’ असेच विचारतो. आपल्याकडे बँजो म्हणजे बँजो पार्टीतले, पट्ट्या दाबून वाजवायचे, बुलबुलतरंगाच्या कुळातले वाद्य. अमेरिकेतला बँजो म्हणजे गोल चौकटीवर ताणलेल्या कातड्यावरून बहुधा पाच तारा नेलेले वाद्य, ज्याचे मूळ गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे. नाव एक असले तरी वाद्ये दोन आहेत. म्हणून वाद्यांची यादी तोंडी सांगू नये, प्रत्येक वाद्याचे छायाचित्र सोबत पाठवावे.

ज्या हॉटेलात मैफल करायची, त्याच्या मालकालाही हे संगीत काय आहे ते आधी समजावून सांगावे लागते, कारण ‘इंग्रजी गाणी’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे नाचाचा कार्यक्रम उभा राहतो. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात १९२७ च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीसाठी काम करणारे राल्फ पिअर यांनी कार्टर या गायक कुटुंबाची आणि गायक जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे केली. कंट्री संगीताचा इतिहास सांगताना बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पुढे १९९० मध्ये इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावच्या ‘अंकल टुपेलो’ या तरुणांच्या बँडने त्या जुन्या गाण्यांना पंक रॉकच्या खरखरीत गिटारची जोड दिली, आणि १९९४ मध्ये तो बँड फुटल्यावर त्यातून ‘विल्को’ व ‘सन व्होल्ट’ हे दोन बँड निघाले. या वाटेला ऑल्ट-कंट्री म्हणतात. अमेरिकाना ही त्याहून मोठी छत्री असून तिच्याखाली लोकगीत, ब्लूज, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीते), ब्लूग्रास (बँजो-मेंडोलिनवरचे जलद लयीचे संगीत) असे सगळे येते. मालकाला एवढे सांगितले तरी पुरते; ही बसून ऐकायची गाणी आहेत, हे मात्र दोनदा सांगावे.

गाणी निवडताना आपल्या मुलखाकडे पाहून निवडावीत. जिमी रॉजर्स हे गायक होण्यापूर्वी रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार होते, त्यामुळे त्यांच्या गाण्यांतली गाडी, शिट्टी आणि रात्रपाळी भुसावळच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कंट्री गायक जॉनी कॅश यांचे बालपण आर्कान्सामधल्या डायस या वसाहतीत कापूस वेचण्यात गेले. ज्याच्या घरी कार्तिकात कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, तो श्रोता हे ऐकून खुर्ची पुढे ओढतो. ओक्लाहोमात जन्मलेले लोकगायक वूडी गथ्री यांनी १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांवर आणि गाव सोडून निघालेल्या शेतकऱ्यांवर गाणी लिहिली. प्रत्येक गाण्यापूर्वी गायकाने किंवा निवेदकाने त्याची गोष्ट मराठीत, जमल्यास अहिराणीत, चार वाक्यांत सांगावी. माझ्या मते सगळ्या तयारीत हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. बहिणाबाईंच्या ओव्या ऐकत वाढलेल्या श्रोत्याचा कान आधी शब्दाकडे जातो. शब्द कळला की परका सूर त्याला आपोआप जवळचा वाटू लागतो, आणि शब्द कळला नाही तर तो दुसऱ्या गाण्याला मोबाइल काढतो.

वादक शोधायला मुंबई-पुण्याला जाण्याची घाई करू नये. जुन्या ऑर्केस्ट्रातून हिंदी चित्रपटगीते वाजवणारे हवाइयन गिटारवादक आणि मेंडोलिनवादक जिल्ह्याच्या गावांत अजूनही सापडतात. कंट्री संगीतातली रडवेली सूरवाट ज्या पेडल स्टीलवर वाजते, ती या हवाइयन गिटारचीच पुढची पिढी आहे. पेडल स्टीलमध्ये पायांनी आणि गुडघ्यांनी निवडक तारांचा ताण बदलून स्वर चढवता-उतरवता येतात. तेवढी सोय हवाइयन गिटारवर नाही, पण तिच्यावरची मींड मैफलीला पुरेशी असते. आमच्या पहिल्या सरावाला आलेल्या एका वयस्कर वादकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली, सोबतच्या गिटारवर सलग चार आवर्तने जी, सी आणि डी हे तीनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरसमूह) ऐकले, आणि पाचव्या आवर्तनाला धातूचा बार तारांवर टेकवून असा एक स्वर वरून खाली ओढत आणला की चहाचे कप घेऊन आलेला पोरगा दारातच थांबला. त्यांनी त्याआधी कंट्री संगीत कधीच ऐकले नव्हते. व्हायोलिनवादक बोलावला, तर तारा पाश्चात्त्य पद्धतीने म्हणजे जी, डी, ए, ई अशा लावायला आधीच सांगावे, कारण हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणारे बहुतेक जण षड्ज-पंचमात लावतात. मेंडोलिनही याच चार स्वरांत लागते, त्यामुळे दोघांचा एकत्र सराव सोपा जातो. तालाला एक स्नेअर ड्रम आणि तो हळू वाजवायचे ब्रश पुरेसे होतात.

जागा निवडताना परमिट रूम असलेल्या हॉटेलाचे आतले सभागृह घ्यावे; ऐंशी-नव्वद खुर्च्यांपेक्षा मोठे नको. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १९८२ पासून चालणारे ‘ब्लूबर्ड कॅफे’ हे अशा गाण्यांचे नावाजलेले ठिकाण साधारण तेवढ्याच खुर्च्यांचे आहे, आणि गाणे चालू असताना बोलू नये हा तिथला रिवाज आहे. मंच कुठे मांडायचा, हे जवळ प्लग कुठे आहे त्यावरून ठरवू नये. आम्ही एकदा तसे केले आणि मंच स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आत शेवभाजीला लाल मिरचीची फोडणी बसली, ठसका थेट गायिकेच्या घशात गेला आणि त्या बिचारीला गाणे अर्धवट सोडून पाणी मागावे लागले. तेव्हापासून मी मंच स्वयंपाकघराच्या समोरच्या भिंतीला मांडतो आणि लांब वायर घरून नेतो. शिवाय पदार्थांची मागणी पहिल्या गाण्यापूर्वी आणि मध्यंतरात घ्यावी, आणि मंद गाण्याच्या वेळी मिक्सर लावू नये, असे आचाऱ्याला स्वतः जाऊन विनंतीच्या सुरात सांगावे. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवली तर ती आधी करून ठेवता येते, हा त्यातला फायदा आहे.

आवाजाच्या बाबतीत हयगय करू नये. गावातल्या साउंडवाल्यांचा हात लग्नाच्या डीजेवर बसलेला असतो. ते बास वाढवतात आणि शब्द त्यात बुडून जातो. मोठे बास स्पीकर मागवूच नयेत. दोन साधे स्पीकर कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर, माइकच्या पुढे ठेवावेत, म्हणजे शिट्टी वाजत नाही. गिटारला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारे यंत्र) असेल तर ती डीआय बॉक्समधून, म्हणजे तो संकेत लांब वायरीसाठी योग्य करणाऱ्या छोट्या पेटीतून, साउंड मिक्सरला जोडावी, म्हणजे लांब वायरीमुळे येणारी घरघर कमी होते. तरीही गुणगुण राहिली, तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डवरून चालवून पाहावीत, पण अर्थिंगची तार कापून गुणगुण घालवण्याचा धोका कोणीही पत्करू नये, कारण गायकाचे ओठ माइकला आणि हात तारांना लागलेले असतात. वीज गेल्यास काय करायचे, तेही आधी ठरवावे. जनरेटर सुरू होईपर्यंत वादकांनी थांबून न राहता माइकशिवाय वाजवत राहावे. वातानुकूलित खोलीतून आणलेली गिटार सभागृहात लगेच जुळवू नये, अर्धा तास पेटीबाहेर ठेवून मग जुळवावी.

परवानग्यांचे काम तीन आठवडे आधी सुरू करावे. कार्यक्रमासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला काही सूट असली तरी आवाज बाहेर जाऊ न देणे हेच शेजाऱ्यांशी नाते टिकवण्याचे साधन आहे. ज्यांचे हक्क शाबूत आहेत अशी गाणी जाहीररीत्या गायची असल्यास आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना लागतो. दारू वाढणे हे हॉटेलच्या परवान्याखालीच व्हावे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे वय लागते, हे प्रवेशपत्रिकेवर ठळक छापावे. ३० जानेवारी आणि २ ऑक्टोबर यांसारखे कोरडे दिवस (ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस), तसेच दाट लग्नतिथी टाळाव्यात, कारण त्या दिवशी साउंडवाला मिळत नाही आणि रस्त्यावरून वराती जातात.

मैफल साडेसातला सुरू करावी. पाऊण तासाचे दोन भाग आणि मध्ये वीस मिनिटांची सुट्टी ठेवावी. पहिले गाणे मध्यम लयीचे आणि ओळखीच्या तालाचे असावे. सर्वांत दुःखी गाणे दुसऱ्या भागाच्या मधोमध यावे, कारण तोपर्यंत खोली शांत झालेली असते. सव्वानऊला साउंडवाल्याला सर्व माइक बंद करायला सांगावे, वादकांनी मंचावरून उतरून टेबलांच्या मध्ये उभे राहावे आणि शेवटचे गाणे तसेच, नुसत्या गळ्यावर आणि लाकडावर म्हणावे.