एकट्यानं जीप घेऊन आडरानात जायचं असेल तर आधी शेवटच्या गावात चहा प्या

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आली की लोकांना वाटतं आता कुठंही घाला, निघतेच. निघते भाऊ, पण जिथं साधी गाडी रस्त्याच्या काठावरच फसली असती तिथं ही दीड किलोमीटर आत जाऊन फसते, एवढाच फरक. दोन गाड्या असल्या तर एक दुसरीला ओढते, एकट्याचं तसं नाही. पण आपल्या विदर्भात एक बरं आहे, रान कितीही आत असो, कुठं ना कुठं एखादं गाव, एखादा टोला, गुरं चारणारा माणूस असतोच. म्हणून मी म्हणतो एकट्यानं जायची अर्धी तयारी त्या शेवटच्या गावात करायची, गाडीतल्या सामानाचं नंतर बघू.

म्हणजे काय करायचं? डांबर संपतं त्या गावात गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, टपरी असली तर चहा घ्यायचा. काचेतून मुंडकं काढून रस्ता विचारू नका, उत्तरही तसंच मिळतं. आणि "गाडी जाईल का हो?" असं तर विचारूच नका, कारण याचं उत्तर हमखास "जाते ना भाऊ, बिनधास्त जा" हेच येते, पाहुण्याला नाही म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर येतं. विचारायचं असं: काल-परवा तिकडून ट्रॅक्टर आला का? बंडी (बैलगाडी) गेली का? नाल्यात पाणी किती, टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, वर की खाली? पुढचं गाव कोणतं, तिथं ट्रॅक्टर कोणाकडे हाय? मग एकाला नाव सांगायचं, गाडीचा नंबर सांगायचा, "संध्याकाळपर्यंत याच रस्त्यानं परत येतो, नाही आलो तर बघा" म्हणायचं आणि त्याचा मोबाईल नंबर घ्यायचा. पोलीस पाटील भेटले तर फारच छान. गडचिरोलीच्या दक्षिणेकडं, भामरागड-एटापल्लीच्या बाजूला जात असाल तर पोलीस ठाण्यात सांगूनच पुढं जा, आणि पोलीस कॅम्पचे फोटो काढू नका.

एक खाचाखोच लक्षात ठेवा. ट्रॅक्टर गेला म्हणजे आपली गाडी जाईलच असं नसतं. ट्रॅक्टरची चाकं मोठी, पोट उंच, त्यानं पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. तुमची गाडी त्या उंचवट्यावर पोटानं बसली की चारही चाकं नुसती फिरतात, मग फोर बाय फोरचं काही चालत नाही. अशा ठिकाणी एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची काठावर अशी ठेवून हळू काढायची, माती ओली असेल तर तेही नको, घसरून चाकोरीतच जाते.

आता कुठं जायचं नाही ते. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर हे पाच व्याघ्र प्रकल्प आपल्याकडे आहेत, त्यात मेळघाट तर 1974 पासूनचा. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये (आतल्या राखीव भागात) परवानगीशिवाय शिरणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, "रस्ता दिसला म्हणून गेलो" हे कारण तिथं चालत नाही. नाक्यावर विचारा, वनरक्षकाला विचारा. सार्वजनिक रस्ते, गावाचे पांदण रस्ते, नदीकाठ एवढं आयुष्यभर पुरतं. मॅपवर दिसणारी बारीक रेघ ही कधी कधी फॉरेस्टची आतली फायरलाईन, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

कधी जायचं? जून ते सप्टेंबर एकट्यानं नाहीच. काळी माती कोरडी असते तेव्हा तिच्यावरून अल्टो पण पळते, पण दोन सरी पडल्या की तीच माती फुगते, टायरला गोळे धरते, खाचा बुजून टायर गुळगुळीत होते आणि मडगार्डच्या आत इतकी माती भरते की चाक फिरायला जागा उरत नाही. तिथं हवा कमी करून पण फार फायदा होत नाही. हवा कमी करायची ती रेतीत, म्हणजे वैनगंगा, प्राणहिताच्या पात्रात उतरायचं असलं तर अठरा-वीस पीएसआय वर आणा, तेवढ्यानं टायर पसरतं आणि रेतीवर तरतं, पण मग डांबरावर येण्याआधी परत भरायला पंप जवळ पाहिजे. काळ्या मातीत पाऊस आला तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे थांबणं. ऑक्टोबरचं ऊन एक दिवस कडक पडलं की वरचा थर आवळतो. डबा खा, झोप काढा, सकाळी निघा. घाईनं निघालेला माणूस संध्याकाळी पण तिथंच असतो, फक्त गाडी आणखी खोल गेलेली असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बेस. पण डिसेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतो आणि गडचिरोलीकडे तर त्याच्याही आधी, म्हणून दुपारी दोन-तीन वाजले की कुठंही असा, गाडी वळवायची.

नाला आडवा आला तर. रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, विषय संपला. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीतच छोटी गाडी उचलली जाऊ शकते, आणि दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही ढकलत नेतं. त्यातून इथं आभाळ निरभ्र असतं आणि वर डोंगरात पाऊस झालेला असतो, मेळघाटातल्या नद्या-नाले असेच फुगतात. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुकाच तुटतो, तिथले लोक सुद्धा पाणी उतरेपर्यंत बसून राहतात, आपण कोण लागून गेलो. हिवाळ्यात संथ पाणी असेल तर आधी काठी घेऊन स्वतः चालत पार व्हा, तळाला रेती आहे का गोटे का गाळ ते पायाला कळतं. पाणी टोंगळ्याखाली आणि तळ टणक असेल तरच जायचं, लो रेंज (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त ताकदीची चाल) टाकून, पहिल्या नाहीतर दुसऱ्या गियरमध्ये, एकाच चालीनं, मधे क्लच दाबायचा नाही. मधेच बंद पडली आणि इंजिननं पाणी ओढलं असं वाटलं तर स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकला की लाखाचं काम. अन् कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका, पार्ट टाईम सिस्टीम, म्हणजे फोर बाय फोर गरजेपुरतं लावायचं आणि काढायचं असं असेल तर गियर आणि शाफ्टवर ताण येतो.

आता गाडी फसली असं समजा. पहिले काय करायचं? अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. चाक फिरून राहिलं अन् गाडी हलत नाही म्हणजे तुम्ही खड्डा खोदून राहिले. खाली उतरा, चारही बाजूनं बघा, पोट टेकलं का, कोणतं चाक अधांतरी आहे. फावड्यानं चाकाच्या पुढची आणि पोटाखालची माती काढा, आणि शक्यतो आलो तसंच मागं निघायचं बघा, पुढं काय आहे ते माहीत नाही, मागचा रस्ता तरी पाहिलेला आहे. शेत जवळ असेल तर बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग असतोच, कपाशी उपटून ठेवलेली. मालक दिसला तर त्याला विचारून दोन-चार भारे आणा, चाकाखाली आडव्या दाबून बसवा, उभ्या टाकल्या तर चाक त्यांना मागं फेकते. वरून गोटे. पऱ्हाटीची पकड अशी येते की चाकाखाली टाकायच्या महागड्या रिकव्हरी बोर्डाची आठवण येत नाही, फक्त खुंट टोकदार असतात, टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसू देऊ नका. जॅक लावायचा तर खाली फळी पाहिजेच, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच मातीत जातो. एक लाकडी फळी, साधारण फूट-दीड फुटाची, गाडीत कायम ठेवा. चाक उचलून खाली गोटे भरले की बरंच काम होतं. मग लो रेंज, दुसरा गियर, हलकी रेस. एक चाक हवेत फिरत असेल तर रेस देता देता ब्रेकवर हलका पाय ठेवा, फिरणारं चाक अडलं की ताकद दुसऱ्या चाकाला जाते.

तासभर खटपट करून नाही निघाली तर ट्रॅक्टर. इथंच ते सकाळचं चहा पिणं कामी येतं. टोचन लावताना साखळी किंवा दोर गाडीच्या चेसिसच्या हुकालाच बांधा, बंपरला नाही, स्टेअरिंगच्या रॉडला तर अजिबात नाही. ट्रॅक्टर टणक जागेवर उभा राहील एवढा दोर लांब पाहिजे, नाहीतर दोन गाड्या फसतात. ट्रॅक्टरवाल्याला सांगा झटका मारू नको, हळू ताण. बघायला आलेली पोरं दोराच्या लांबीपेक्षा दूर उभी करा, दोर तुटून आला तर पाय मोडतो. दोरावर मधोमध एखादं पोतं टाकून ठेवा. पैसे आधी बोला, आणि पेरणीच्या नाहीतर काढणीच्या दिवसात त्याचं काम थांबवून आलाय हे लक्षात ठेवून द्या. काही जण घ्यायला नकोच म्हणतात, तरी डिझेलचे द्याच.

मोबाईलला रेंज नसते हे धरूनच चला. ऑफलाईन मॅप उतरवून ठेवा, बीएसएनएलचं एक सिम ठेवा. 112 नंबर आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर लागू शकतो. वन विभागाचा 1926. सॅटेलाईट फोन बाहेरच्या व्हिडिओत बघून मागवू नका, आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे.

चालत जायची वेळ आली तर दिवसाच. रात्री शेतातून अजिबात नाही, कारण डुकरांसाठी काही लोक कुंपणाच्या तारेत करंट सोडतात, बेकायदा आहे तरी सोडतात, आणि त्यात दरवर्षी माणसं मरतात. अंधारात ती तार दिसत नाही. त्याशिवाय घोणस, मण्यार, अस्वल. रात्र झाली तर गाडीतच झोपा, काच बोटभर उघडी ठेवून. साप चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं काही नाही, 108 लावा आणि हालचाल कमीत कमी ठेवून दवाखाना गाठा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. पारा 45 च्या वर जातो तेव्हा एका माणसाला दिवसाला दहा लिटर पाणी धरा, रेडिएटरचं वेगळं. खिशात कांदा ठेवा म्हणतात, ठेवा, पण डोक्याला दुपट्टा आणि पोटात पाणी पाहिजे. सावली बघताना सागाखाली जाल तर उन्हाळ्यात त्याला पानच नसते, आंबा, चिंच बघा. मोहाखाली मार्च-एप्रिलमध्ये गाडी लावू नका. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली दिसली म्हणजे कोणाच्या तरी घरचं मोहफूल तिथं पडणार आहे, पहाटेपासून बाया-पोरं वेचायला येतात, त्यावर टायर फिरवलं तर त्या गावात परत चहा मिळायचा नाही. आणि त्याच फुलांसाठी अस्वल पण येतं. वाळल्या गवतावर गरम गाडी उभी करू नका, सायलेन्सरच्या कॅटनं (तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनं) गवत पेटते, फेब्रुवारी ते जून वणव्याचेच दिवस.

परत आलात की त्या चहाच्या गावात थांबून नाहीतर फोन करून "आलो" म्हणून सांगा, नाहीतर तो बिचारा रात्री टॉर्च घेऊन निघायचा. मग गाडी धुताना रिमच्या आतली माती आधी काढा, काळी माती वाळली की सिमेंट होते, आणि एका बाजूला चिकटून राहिली तर हायवेवर 80 च्या वर स्टेअरिंग थरथरायला लागते, लोक उगाच व्हील बॅलन्सिंगचे पैसे घालवतात.