मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला तर: संघाने आधीच करून ठेवायची तयारी

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चाल सुरू झाली की चेंडू हातात घेऊन तो फेकणारा किंवा धावणाऱ्याला देणारा खेळाडू. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ ते २०१० या १३ हंगामांत इंडियनापोलिस कोल्ट्ससाठी सलग २०८ सामने पहिल्या चालीपासून खेळला. मानेच्या दुखण्यामुळे २०११चा अख्खा हंगाम तो बाहेर बसला आणि संघाने १६ पैकी फक्त २ सामने जिंकले. २००८ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला होता. त्याच्या जागी आलेला मॅट कॅसल हायस्कूलनंतर क्वार्टरबॅक म्हणून एकदाही पहिल्या चालीपासून खेळला नव्हता, तरी संघाने ११ सामने जिंकले. हा फरक केवळ राखीव खेळाडूच्या कुवतीचा नव्हता. कोल्ट्सचं आक्रमण मॅनिंगच्या डोक्यात होतं. लाइनवर उभा राहून बचावाची मांडणी पाहायची आणि तिथल्या तिथे चाल बदलायची, हे सगळं तोच करायचा. तो गेला की कागदावर फारसं काही उरत नव्हतं.

म्हणून सुरुवात खेळाडू निवडण्यापासून करा. राखीव माणूस मुख्य खेळाडूच्या जातकुळीचा असावा. बाल्टिमोर रेव्हन्सने धावणाऱ्या लमार जॅक्सनच्या मागे टायलर हंटलीसारखा धावू शकणाराच ठेवला, कारण त्यांची धावण्याची सगळी रचना क्वार्टरबॅकच्या पायांवर उभी होती. तिथे जागेवरून फेकणारा आणला तर अर्धं प्लेबुक (चालींची वही) बाद. राखीव खेळाडू डावखुरा असेल तर आणखी काम वाढतं: त्याची पाठ उजव्या टॅकलकडे (संरक्षक रांगेच्या टोकाच्या खेळाडूकडे) वळते, म्हणून त्या बाजूचं संरक्षण भक्कम लागतं. चेंडू उलटा फिरत येतो, म्हणून पास झेलणाऱ्या रिसीव्हरना रोज त्याचे ३०-४० चेंडू झेलायला लावा.

खरी अडचण आठवड्याच्या सरावात आहे. सामना रविवारी असेल तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे मुख्य दिवस, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या चाली मुख्य क्वार्टरबॅक खेळतो. राखीव खेळाडू स्काउट टीमसोबत असतो. म्हणजे आपल्या बचावफळीला तयार करण्यासाठी तो कार्डावर काढलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली खेळतो. आठवडाभर घाम गाळूनही त्याने आपल्या संघाची एक चालसुद्धा खेळलेली नसते! यावर उपाय तीन. रोज ५-६ चाली त्याला पहिल्या फळीसोबत द्या. मुख्य खेळाडू कुरकुरला तरी द्या. उरलेल्या वेळी त्याला चालीच्या मागे १०-१५ यार्डांवर उभं करा, चाल पूर्ण शब्दांत मोठ्याने म्हणायला लावा आणि चेंडू कुठे गेला असता ते स्नॅपनंतर (चेंडू मागे दिला की) लगेच विचारा. तिसरं, सरावाआधी चेंडू मागे देणाऱ्या सेंटरसोबत रोज २० स्नॅप: १० थेट हातात, १० शॉटगनमधून, म्हणजे काही यार्ड मागे उभं राहून. चाल सुरू करायच्या आरोळीची प्रत्येकाची लय वेगळी असते. ती अंगवळणी पडलेली नसेल तर लाइनमन (संरक्षक रांगेतला खेळाडू) आधीच हलतो, ५ यार्ड दंडात जातात, आणि नवख्याच्या पहिल्याच चालीला पहिल्या डाउनला (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) १५ यार्ड हवेत अशी वेळ येते.

आता त्याचा स्वतःचा कागद. व्यावसायिक संघाच्या एका सामन्याच्या आराखड्यात सहज शंभरावर चाली असतात. राखीव खेळाडूसाठी त्यातल्या २५-३० वेगळ्या काढा. त्या प्रशिक्षकाच्या आवडीच्या नकोत. शुक्रवारी त्यालाच बसवून विचारा: तिसऱ्या डाउनला ७ यार्ड हवेत, काय खेळशील? त्याने क्षणभर विचार करून सांगितलेली चाल खोडा, चटकन सांगितलेली ठेवा. साधारण विभागणी अशी: धावण्याच्या ८-९, तीन पावलं मागे जाऊन लगेच फेकण्याच्या ६-७, स्क्रीन (बचावाला अंगावर येऊ देऊन टाकायचा छोटा पास) ३, धावण्याचा आभास देऊन फेकण्याच्या ५-६, बाकीच्या गोलरेषेजवळच्या आणि लांब तिसऱ्या डाउनच्या.

यात बूटलेगला पहिला मान द्यावा. रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) डावीकडे चेंडू दिल्यासारखं करून क्वार्टरबॅक उजवीकडे निघतो. त्याच बाजूला तीन रिसीव्हर तीन टप्प्यांवर येतात: एक ३-४ यार्डांवर, दुसरा पलीकडून येऊन १०-१२ वर, तिसरा १८-२० वर. त्याला अर्धंच मैदान वाचावं लागतं, तिघेही एकाच नजरेत येतात, आणि कोणीच मोकळं नसेल तर सीमारेषा शेजारीच असते, चेंडू बाहेर फेकून मोकळं होता येतं. फक्त आधी धाव खरंच चालली पाहिजे, नाहीतर बचावातला टोकाचा खेळाडू आभासाला फसत नाही आणि सरळ अंगावर येतो.

कागद फार छाटण्याची चूकही होते. नुसत्या धावा आणि स्क्रीन उरल्या की बचावफळी आठ माणसं पुढे आणते आणि सगळंच बंद पडतं. दोन-तीन लांबचे पास ठेवाच, मग त्यातला एखादा खाली पडला तरी चालेल.

प्रत्यक्ष दुखापत झाली की हाताशी एक-दोन मिनिटं असतात. गार हाताने पहिला पास टाकायला लावू नका. वैद्यकीय पथक मैदानात असतानाच बाजूला ८-१० चेंडू फेकून घ्या. हेल्मेटमधला रेडिओ सामन्याआधीच तपासलेला असावा. चाल संपल्यावर घड्याळावर ४० सेकंद असतात आणि १५ उरले की प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. म्हणून चाल लवकर सांगा, तीही मनगटावरच्या पट्टीतल्या आकड्याने. ‘सत्तावीस’ ऐकून पट्टीवर वाचणं हे दहा-बारा शब्दांची चाल लक्षात ठेवण्यापेक्षा किती तरी सोपं. मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कोण हे ओळखून संरक्षण लावण्याचं काम सेंटरकडे द्या. समोरचा संघ लगेच ब्लिट्झ करणार, म्हणजे जास्तीचे बचावपटू क्वार्टरबॅकवर सोडणार, हे धरूनच चाला: पहिल्या दोन मालिकांत (चेंडू आपल्याकडे असण्याच्या पाळ्यांत) टाइट एंड (रांगेच्या टोकाचा, अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) आणि रनिंग बॅक दोघांनाही थांबवून सात जणांचं संरक्षण ठेवा.

दुसऱ्या दिवशीपासून आराखडा नव्या माणसाचा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कार्सन वेंट्झचा गुडघा गेल्यावर फिलाडेल्फिया ईगल्सने निक फोल्सला वेंट्झ बनवायचा प्रयत्न केला नाही. चेंडू द्यायचा की फेकायचा हे एका बचावपटूकडे पाहून ठरवण्याच्या चाली फोल्सच्या हातात बसलेल्या होत्या, त्यांवर भर दिला. त्या हंगामाचा सुपर बोल (अंतिम सामना) ईगल्सने ४१-३३ असा जिंकला.

आणि तिसरा माणूस. २९ नोव्हेंबर २०२० ला कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हर ब्रॉन्कोसचे सगळे क्वार्टरबॅक अपात्र ठरले. सराव पथकातल्या केंडल हिंटन या रिसीव्हरला खेळावं लागलं आणि त्याचा ९ पैकी १ पास पोहोचला. जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे दोन्ही क्वार्टरबॅक एकाच सामन्यात जायबंदी झाले. त्यानंतर त्याच वर्षी एनएफएलने (अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगने) आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला: तो सामन्याच्या सक्रिय यादीत मोजला जात नाही, पण पहिले दोघे दुखापतीने किंवा हकालपट्टीने बाहेर गेले तरच उतरतो, आणि त्यांपैकी एक जण तंदुरुस्त ठरला की त्याला बाहेर यावं लागतं. एवढ्यावर भागत नाही. राखीव खेळाडू मुख्य झाला त्याच सोमवारी नवा राखीव शोधा आणि मंगळवारी त्याला आरोळी, पट्टीवरचे आकडे आणि १२ चाली शिकवायला बसवा.