आधी मोह पेरा, बेहडा नंतर

पावसाच्या तोंडावर रानातलं बी गोळा करताना सगळं एकाच पोत्यात भरू नका. काही बी वर्षभर थांबतं, काही पंधरा दिवसही थांबत नाही.

सगळ्यात घाई मोहाची. त्याची फळं साधारण जून-जुलैत पिकून गळतात. तेल गाळायचं असेल तर बी कडक वाळवतात. रोपासाठी वाळवलं की ते मेलंच म्हणून समजा. गर धुऊन काढा, बी सावलीत निथळू द्या आणि आठवड्याच्या आत मातीत घाला. मोहाचं सोटमूळ फार लवकर खोल जातं. आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळतं आणि असं रोप पुढे धड वाढत नाही. म्हणून मला तर थेट जागेवर टोकणंच बरं वाटतं: एका आळ्यात दोन-तीन बिया, वर बोटभर माती. फुलोऱ्यासाठी दहाएक वर्षं वाट पाहावी लागते, तेव्हा जुनी झाडं जपणं तितकंच गरजेचं. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातच आपोआप उगवलेली रोपं करपतात. पाला जाळण्याऐवजी खाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात.

शिवणीची पिवळी फळंही याच सुमारास पडतात. गर कुजवून आठोळ्या, म्हणजे आतल्या कडक कोया, धुवा आणि ताज्याच पेरा. हिचं लाकूड हलकं असतं आणि सहसा वाकत नाही, म्हणून वाद्यांना आणि कोरीवकामाला वापरतात. पाला मात्र गुरांना आवडतो. काट्याचं कुंपण करणार नसाल तर शिवण लावूच नका.

हिरडा-बेहडा औषधासाठी, आणि हिरडा कातडी कमावण्यासाठीही, पूर्वापार वापरात आहे. दोन्हींची फळं हिवाळ्यात जमवून ठेवता येतात. बेहड्याच्या आठोळ्या गर काढून दिवसभर पाण्यात भिजवल्या की पुरे. हिरडा हट्टी: आठोळीचं रुंद टोक आतल्या बीला धक्का न लावता किंचित छाटा, 36 तास गार पाण्यात ठेवा आणि हव्या असलेल्या रोपांच्या तिप्पट बी पेरा. एवढं करूनही उगवण कमीच होते.

करंजाच्या शेंगा वाळल्या तरी फुटत नाहीत, हाताने फोडाव्या लागतात. बी मात्र काही न करता उगवतं. त्याची पेंड खत म्हणून चांगली, तेल दिव्याला आणि कातडीच्या रोगांवर वापरत आले आहेत, आणि गुरंही करंजाच्या झाडाला फारसं तोंड लावत नाहीत. तरी नांगरटीच्या रानालगत करंज लावू नका. नांगराने मूळ दुखावलं की तिथून फुटवे निघतात आणि मग पिकात करंजाचं बेट होतं. त्याला ओढ्याकाठची जागा द्या. तिथे तीच मुळं माती धरून ठेवतात.